आधी काढा, मग फुंकणी

"सर, तुम्ही स्वतः आज फुंकलंत का?"

हा प्रश्न मी विचारला. भर सभागृहात, माईक हातात घेऊन, आमच्या मांजरा विद्यापीठाच्या कुलगुरूंना. विचारताना माझा आवाज जरासुद्धा चिरकला नाही, हे आधी लिहून ठेवते. बाकीचं सगळं त्याच्यानंतर घडलं.

पैज आफरीनची. आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्याच शाळेच्या मुली, म्हणून फ्लूच्या सभेला आम्हालाही मागच्या रांगांत बसवलेलं. आफरीन कुजबुजली, "ईशे, खरी कप्तान असशील तर विचारून दाखव. नाहीतर फायनलपर्यंत आम्हा दोघींची दप्तरं तू उचलायची."

"ही कसली विचारते," ज्ञानदा म्हणाली. "गेल्या वर्षी हजेरी द्यायलासुद्धा हिचा घसा बसायचा."

ते खरं होतं. गेल्या वर्षीपर्यंत ईश्वरी डोईफोडे ही मुलगी वर्गात आहे की नाही हे भिंतीलाही माहीत नसायचं. मग केंद्रे मॅडमनी मला कबड्डीच्या मॅटवर उभं केलं आणि बजावलं, पंचाला 'कबड्डी कबड्डी' ऐकू गेलं नाही तर चढाई बाद. ओरडावंच लागलं. आणि एकदा ओरडायला यायला लागल्यावर माणूस गप्प कशाला बसेल?

तर मी विचारलं. पहिल्या रांगेतून माझ्या आईनं मान वळवून पाहिलं. आई म्हणजे विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या प्रमुख, डॉ. वर्षा डोईफोडे. तिच्या नजरेत दोनच शब्द होते: घरी ये.

कुलगुरू सोनटक्के सर मात्र दिलखुलास माणूस. खो खो हसले. "नाही फुंकलं, बाळ. बरी आठवण केलीस. पण जसं मुलं करतात तसंच करू हं. आधी काढा, मग फुंकणी!"

टेबलावरचा काढ्याचा पेला त्यांनी घटाघटा रिकामा केला. दाराशी उभ्या माझ्या बाबांची छाती वीतभर फुगली, कारण काढा त्यांचा. बाबा वसतिगृहाची मेस चालवतात. मग सरांनी फुंकणी तोंडाला लावली, गाल फुगवून फुंकलं. हिरवा दिवा. टाळ्यांचा कडकडाट. 'आधी काढा, मग फुंकणी' ही त्या दिवसापासून घोषणाच होऊन बसली.

दुसऱ्या दिवशी कुलगुरू तापानं फणफणले.

फुंकणी म्हणजे काय ते इथंच सांगून टाकते, मला ते आता झोपेत विचारलं तरी येतं. यंत्राचं खरं नाव श्वासपरीक्षक. पण दिसायला चुलीत फुंकायच्या नळीसारखं, मग त्याला दुसरं कोण काय म्हणणार?

फ्लूचा विषाणू नाकातोंडातून आत शिरतो तेव्हा ताप लगेच येत नाही. एखाद-दोन दिवस आपण मजेत हिंडतो, खेळतो, एकाच बाटलीतलं पाणी पितो आणि सगळ्यांना वाटत सुटतो. आपल्याला पत्ता नसतो, पण आपल्या पेशींना असतो. विषाणू आत घुसला की त्यांचा रोजचा कारभार बिघडतो आणि काही वायू तयार होतात, जे एरवी आपल्या श्वासात इतके नसतात. असतात तेही किती, तर धरणात चिमूटभर मीठ टाकावं तितके. फुंकणीच्या पोटात केसाहून बारीक तारा आहेत. प्रत्येक तारेवर वेगळा लेप. एक वायू एका तारेला चिकटतो, दुसरा दुसरीला, आणि चिकटला की तारेतून जाणारी वीज किंचित बदलते. त्या बदलांच्या नक्षीवरून यंत्र ओळखतं. मेसच्या दारातूनच आपल्याला कळतं ना, आज वांगं आहे म्हणून? तसंच.

आता यात एक अडचण. आपली माणसं लसणाची चटणी खाऊन फुंकणार, कुणी बडीशेप चघळत फुंकणार. म्हणून यंत्राला शिकवलेलं आहे, की आधी खाण्याचे वास ओळख, ते वजा कर, मग उरलेलं बघ. ही वजाबाकी लक्षात ठेवा.

या वर्षीच्या फ्लूनं रूप बदललेलं, नवी लस यायला अजून अवकाश होता. त्यामुळं आईच्या केंद्रानं सूचना काढल्या. रोज सकाळी आवारातल्या भोंग्यांवरून त्या वाचल्या जायच्या. खोकताना तोंड झाका. हात धुवा. आवारात वावरण्याआधी मेसच्या दारात फुंका. हिरवा दिवा आला तर जा आपल्या कामाला. केशरी आला तर तब्येत कितीही ठणठणीत वाटो, खोलीतच राहा, ताट तिथं येईल. आणि शेवटची सूचना, काढा प्या. ही काही आईची नव्हती. "आपल्या मातीतलंही काहीतरी असू द्या, मॅडम," असं वरच्या कार्यालयातून आलं आणि बाबांचं नशीब उघडलं. वर्षानुवर्षं पोरांनी बाबांच्या आमटीला नावं ठेवलेली. पण ओवा, लवंग, पुदिना, सुंठ आणि गवती चहा घातलेल्या या काढ्याला पोरं दुसरा पेला मागायला लागली.

काढ्याचं पातेलं मेसच्या दारात आणि फुंकणी त्याच्या पुढच्या टेबलावर. म्हणजे रांगेत आधी काढा लागायचा. हा क्रम कुणी विचार करून ठरवला नव्हता. टेबलं तशी मांडली गेली, एवढंच.

सरांना ताप आला आणि फुंकणीची अब्रू गेली. "हिरव्या दिव्याचे सर आडवे झाले," म्हणून पोरं हसायची. आणि माझं तर विचारूच नका.

"तू विचारलंस आणि माणूस अंथरुणाला खिळला. ए, माझ्या तब्येतीची चौकशी करू नको हं!" आफरीन.

"हिची दृष्ट लागली सरांना. मीठ-मोहऱ्या पाठव बंगल्यावर," ज्ञानदा.

त्यात आईनं सभेच्या संध्याकाळीच मला शिक्षा सुनावलेली. "फार बोलता येतं ना आता? मग शाळेत फुंकणी कशी वापरायची ते तूच शिकव." तिच्याकडची शिकवण्यासाठीची सुटी फुंकणी तिनं मला दिली. ती ओळखपत्राला जोडलेली नव्हती, त्यामुळं तिच्यावर काय दिवा लागला ते फक्त बघणाऱ्याला कळायचं. मेसच्या दारातल्या फुंकणीवर मात्र कार्ड टेकवावं लागतं आणि निकाल थेट आईच्या पडद्यावर जातो.

शिक्षा म्हणे! मला तर मिरवायलाच मिळालं. फक्त आता ते यंत्र म्हणजे टिंगलीचा विषय होता.

रविवारी फायनल होती. आमच्याच मैदानावर, समोर कोळवाडीची आश्रमशाळा. त्यांची कप्तान कोमल राठोड. गेल्या वर्षी मी राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून पाहिलेलं, त्या पोरीनं आमच्या प्रत्येक चढाईपटूचा घोटा असा धरला होता जसा खाटेचा पाय धरावा. जाताना बाकाजवळ थांबून मला म्हणाली होती, "तू नुसती बसायला येतीस का गं?" वर्षभर ते वाक्य माझ्या कानात होतं. या वर्षी मी कप्तान होते, आणि उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईत तिघींना बाद करून आले होते. रविवार माझा होता. हे मला, मॅडमना, बाबांना आणि मेसमधल्या भटारखान्यालाही माहीत होतं.

शुक्रवारी सरावाआधी मी पोरींना फुंकून दाखवलं. मी सरावाआधी काढा पीत नाही, ओव्याची ढेकर आली की दम तुटतो.

केशरी.

पोरी हसून लोळल्या. "अगं, ही फुंकणीपण गेली कामातून!" मीही हसले. मला काय झालं होतं? काही नाही. अंगात नुसता वारा भरलेला.

पण मेसमध्ये गेले तेव्हा डोक्यात ते होतं. बाबांनी पेला हातात ठेवला, "घे, वाघिणी." प्याले. दारातल्या फुंकणीवर कार्ड टेकवून फुंकलं. हिरवा. "बघ, तुझी बिघडलेली," आफरीन म्हणाली. मी दप्तरातली सुटी फुंकणी काढून तिथंच फुंकलं.

तीही हिरवी.

म्हणजे एक फुंकणी बरोबर आणि एक बिघडलेली, असं नव्हतं. दोन्ही एकच बोलत होत्या. मधल्या वेळात बदलले होते ते मी. आणि मधल्या वेळात मी केलं काय होतं? काढा प्याले होते.

शनिवारी सकाळी दात घासायच्याही आधी फुंकलं. केशरी. स्वयंपाकघरात बाबांनी ठेवलेला काढा प्याले, फुंकलं. हिरवा. मग खोलीत बसून पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही. दुपार व्हायला आली तसं पुन्हा फुंकलं, आणि तो केशरी दिवा असा शांतपणे लागला, जसा मधल्या वेळात कुठं गेलाच नव्हता.

मग मी यंत्राची माहितीपुस्तिका उघडून बसले, आणि ती वजाबाकी सापडली. ओवा, लवंग, पुदिना यांच्यात उग्र तेलं असतात. ती फुंकणीच्या तारांवर दाटीवाटीनं जाऊन बसतात. यंत्राला वाटतं, बाप रे, केवढं खाल्लंय यानं! आणि ते मोठी वजाबाकी करतं. एवढी मोठी, की धरणातलं आपलं चिमूटभर मीठही तिच्यात जातं. खाली उरतं शून्य. शून्य म्हणजे हिरवा. कंपनीनं लसूण, कांदा, बडीशेप, तंबाखू सगळ्यांवर चाचणी घेतली होती. पण पातेलंभर ओवा-लवंग पिऊन त्याच क्षणी सगळं गाव रांगेनं फुंकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

सरांना दृष्ट लागली नव्हती. सभेत ते केशरीच होते. काढ्यानं हिरवे केले.

आणि मी?

कपाळाला हात लावून पाहिला. गार. घसा ठीक. एवढी ताजीतवानी मी जन्मात नव्हते. पण फुंकणीला माझ्याआधी माझं कळलं होतं.

मास्क लावून मैदानावर गेले आणि मॅटच्या एका टोकाला थांबले. आफरीन आणि ज्ञानदा दुसऱ्या टोकाला. मी लांबूनच ओरडून त्यांना सगळं सांगितलं. ज्ञानदा तर मी सांगत असतानाच मागे सरकायला लागली.

आफरीन नाही सरकली. ती विचार करत होती, आणि ती विचार करते तेव्हा मला भीती वाटते.

"म्हणजे हे फक्त आपल्या तिघींना माहितीय," ती म्हणाली.

"हो."

"आणि कार्डावर तू हिरवी आहेस."

"हो, पण..."

"उद्या मैदानाच्या गेटवरही मेससारखंच, आधी काढा, मग फुंकणी. तू हिरवीच येणार. मग झालं की! तुला ताप नाही, खोकला नाही. एक मॅच खेळ आणि मग झोप आठ दिवस. मीच आणते तुझं ताट."

"आफरीन, कबड्डी आहे ती. बुद्धिबळ नाही."

"मला शिकवू नको! तू नसलीस तर कोमलच्या पुढं कोण जाणार? ही?" तिनं ज्ञानदाकडं बोट केलं. ज्ञानदा म्हणाली, "मी तर उलट्या दिशेला पळेन." कुणीच हसलं नाही.

मी खोटं कशाला बोलू, ती युक्ती माझ्याही डोक्यात आलेली होती. सकाळपासून. एक पेला काढा, आणि जगातलं कुठलंही यंत्र मला अडवणार नव्हतं. पण कबड्डीत काय असतं? पाच-सहा जणी माझ्या अंगावर पडणार, मी त्यांच्या तोंडावर धापा टाकणार, सगळा दम ओरडून बाहेर सोडणार. शिकवलंच आहे ते, मोठ्यानं. आणि कोळवाडीच्या पोरी इथून जाणार त्यांच्या वसतिगृहात. आईबाप ऊसतोडीला गेलेली सगळी मुलं तिथं एकाच मोठ्या खोलीत सतरंज्यांवर ओळीनं झोपतात. तिथं फुंकणी नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. मला हरवायचं होतं ते कोमलला. मॅटवर.

"मी घरी जाते," मी म्हणाले.

"ईशे, तू आत्ता आम्हाला सोडून चाललीस," आफरीनचा आवाज फुटला. तिचा कधी फुटत नाही.

मला तिच्याजवळ जायचं होतं. गेले नाही. आता सगळ्यांपासून लांब राहायचं, आधी तेवढंच तर जमवायचं होतं.

घरी आले तर आई फोनवर. "नाही हो, यंत्र बंद नका करू, मला दोन दिवस द्या... अहो पण दवाखान्यात खाटा भरल्यात आणि पडद्यावर सगळे हिरवे, हे मलाही दिसतंय ना!" तिनं फोन आपटला. बाबा टेबलावर उद्यासाठी ओवा निवडत होते. पाहुण्या संघासाठी मोठं पातेलं चढणार होतं.

मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिले, मास्क न काढता, आणि एका दमात सगळं सांगितलं. माझी चढाई लांब असते.

आई खुर्चीत बसली. सुटी फुंकणी तिनं हातात घेतली, उलटीसुलटी केली. मग बाबांसमोरचा टेबलावरचा काढ्याचा पेला उचलून फुंकणीच्या तोंडाशी नुसता धरला. यंत्रावरचे आकडे धावले आणि सपाट झाले. "वजाबाकी," ती पुटपुटली. "अरे देवा. आणि मी आठवडाभर तारा बदलून बघतेय."

बाबांनी ओवा परातीत परत टाकला. "माझ्या काढ्यानं आजवर कुणाचं वाईट झालं नाही, डॉक्टर."

"अहो, तसं कुठं म्हणतेय ती?"

"सगळं विद्यापीठ तेच म्हणणार. आधी आमटी, आता काढा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कोमलनं घोटा धरला असता तरी एवढं दुखलं नसतं.

आईनं डोकं धरून थोडा विचार केला. मग डॉक्टरचा आवाज बाजूला ठेवून आईचा काढला. "ईशू, उद्या तू खेळत नाहीस हे तर झालंच. केंद्रे मॅडमना सांग, पाय मुरगळला. सोमवारी मी कार्यालयात जाऊन सूचना शांतपणे बदलून घेते. बाबांचं नाव नाही येणार, तुझं नाही येणार. कुणाला कळायचंही नाही."

"आणि उद्या?" मी विचारलं. "उद्या गेटवर कोळवाडीच्या पोरी काढा पिणार, आपल्या पिणार, सगळ्या हिरव्या होणार. माझ्याबरोबर सराव केलेल्या सगळ्या. मग आत जाऊन एकमेकींना मिठ्या मारणार. सोमवारी कुणाला शांतपणे सांगशील?"

आईनं फुंकणी खाली ठेवली. बाबा बोलले. अगदी हळू.

"मग तू काय करणार म्हणतेस?"

त्यांनी मला विचारलं. सांगितलं नाही, विचारलं. आमच्या घरात असं पहिल्यांदाच होत होतं, आणि मी ओरडायची तयारी केली होती, पण ओरडावं लागलंच नाही.

"ऐका," मी म्हणाले. "केंद्रे मॅडमना मी आत्ताच फोन करणार आणि खरं सांगणार. आणि उद्या सकाळची भोंग्यावरची सूचना मी वाचणार, इथूनच, फोनवरून. आई, तू फक्त लाईन जोडून दे. मी म्हणणार, मी ईश्वरी डोईफोडे, शाळेची कबड्डी कप्तान. माझ्या कार्डावर मी हिरवी आहे, पण खरी केशरी आहे, म्हणून आज खेळणार नाही. सगळ्यांनी उठल्याबरोबर, काहीही न पिता फुंका. कोळवाडीच्या संघानंसुद्धा. ज्या हिरव्या येतील त्या खेळतील, आणि कमी पडल्या तर मॅच पुढं जाईल, पण मॅच होईल. कोमलला सांगा, या वेळी मी बसायला येत नाहीये, झोपायला चाललेय. आणि काढा सोडू नका, तो माझ्या बाबांनी केलाय आणि या आवारात त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मिळत नाही. फक्त आधी फुंकणी, मग काढा."

बाबांनी परात पुन्हा जवळ ओढली.

"आणि बाबा, आजपासून माझं ताट दाराबाहेर ठेवा. काढ्यासकट."